साराची स्वप्नं कोणी नेली?

तिन्हीसांजेला तोंडातून वाईट शब्द काढू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, असं माझी आजी नेहमी सांगायची. तुमच्याकडेही कोणी ना कोणी सांगितलंच असेल. मी मात्र एकदा तो शब्द काढला होता. आठवीत होते. धाकटा भाऊ दीड वर्षाचा, सतत माझ्या कडेवर. आई निंदणीला गेली की तो माझ्याच गळ्यात. एका संध्याकाळी त्याचं रडणं काही केल्या थांबेना, तेव्हा मी वैतागून म्हटलं, “घेऊन जा रे बाबा याला कोणीतरी!” आजीनं पाठीत असा धपाटा घातला, की तो अजून आठवतो.

हे सगळं परवाच्या भाऊबीजेला पुन्हा आठवलं. माहेरी, उंद्रीला गेले होते. त्याच भावाची मुलगी पुण्याला शिकते. तिनं तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून चार पुस्तकं आणली होती. इंग्रजी, आणि सगळी चित्रांची. मी म्हटलं, “एवढी घोडी झालीस, अजून कॉमिक्स वाचतेस?” तर म्हणाली, “आत्या, याला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. म्हणजे चित्रकादंबरी. आणि ही गोष्ट तुझीच आहे. आधी पिक्चर बघ, मग पुस्तकं वाच.”

फराळाचं आवरलं आणि रात्री तिच्या लॅपटॉपवर आम्ही दोघींनी तो पिक्चर पाहिला. नाव ‘लॅबिरिंथ’, म्हणजे भूलभुलैया. १९८६ सालचा. लहान मुलांचं ‘सेसमी स्ट्रीट’ ज्यांच्या बाहुल्यांमुळे गाजलं (आपल्याकडे त्याचंच २००६ मध्ये ‘गली गली सिम सिम’ झालं), त्या जिम हेन्सन यांनी तो काढला. आजच्यासारखी कॉम्प्युटरची करामत तेव्हा नव्हती. बहुतेक सगळी भुतंखेतं म्हणजे हातानं हलवलेल्या बाहुल्या.

गोष्ट अशी. सारा नावाची एक मुलगी. वय पंधरा-सोळा. नाटकाचं आणि परीकथांचं वेड. घरात सावत्र आई आणि तान्हा भाऊ टोबी. आई-वडील बाहेर गेले की त्याला सांभाळायचं काम साराचं. एका रात्री तो रडायचा थांबत नाही. सारा चिडून म्हणते, की गॉब्लिननी याला उचलून न्यावं. गॉब्लिन म्हणजे तिकडच्या गोष्टींतली बुटकी, नकटी, खोडकर भुतं. आणि काय, खरंच नेतात की हो! त्यांचा राजा जॅरेथ समोर उभा राहतो. सांगतो, तेरा तासांत भूलभुलैया पार करून माझ्या महालात आलीस तर भाऊ परत मिळेल, नाहीतर तोही आमच्यातलाच एक होईल.

मी तर चाटच पडले. माझी आजी कुठली आणि ते अमेरिकेतलं घर कुठलं! पण वास्तू तिथेही ‘तथास्तु’ म्हणते बघा.

पुढे सारा धडपडते, चुकते, वाटेत मित्र जोडते. राजा तिला स्वप्नांची लालूच दाखवतो. ती फसत नाही. शेवटी त्याच्या तोंडावर सांगते, की तुझी माझ्यावर काडीची सत्ता नाही, आणि भावाला घेऊन घरी येते. सारा झाली होती जेनिफर कॉनेली आणि राजा झाला होता प्रसिद्ध गायक डेव्हिड बोवी. अडीच कोटी डॉलर खर्चून काढलेला हा सिनेमा अमेरिकेत तेव्हा आपटला, निम्मे पैसे जेमतेम निघाले. हेन्सन १९९० मध्ये वारले, अवघ्या ५३ व्या वर्षी. पण नंतर घरोघरी व्हिडिओ कॅसेट फिरल्या आणि तो एका अख्ख्या पिढीच्या मुलींचा लाडका झाला. पडद्यावर नायिकेला वाचवायला नायक येतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं. इथे मुलगीच वाचवणारी होती.

सिनेमा तिथे संपतो. पण माझ्यासारख्या बाईला प्रश्न पडतो, पुढे काय? भावाला घरी आणलं, मग साराचं काय झालं?

त्याचं उत्तर या चार पुस्तकांत आहे. ‘रिटर्न टू लॅबिरिंथ’ हे त्यांचं नाव. २००६ ते २०१० या काळात अमेरिकेतल्या टोकियोपॉप या प्रकाशनानं ती काढली. लेखक जेक फोर्ब्ज आणि आतली चित्रं इंडोनेशियाच्या ख्रिस ली यांची. जपानी ‘मांगा’ पद्धतीची, काळ्या-पांढऱ्या रेषांची. भाचीनं आणि मी दोन दुपारी बसून ती वाचली. अडलं तिथे ती सांगायची. खरं तर निम्मं चित्रांवरूनच कळत होतं.

या गोष्टीत टोबी मोठा झालाय, शाळेत जातोय. त्याला ठाऊक नाही, पण लहानपणापासून राजाची नजर त्याच्यावर आहे. तो मनात जे म्हणेल ते गॉब्लिन गुपचूप घडवून आणतात, आणि त्यातून भलतेच घोटाळे होतात. शेवटी तो त्या भूलभुलैयात परत जाऊन पोहोचतो. राजा सांगतो, आता हे राज्य तुझं.

इथे मी पुस्तक मिटलं. म्हटलं, वा रे वा! तेरा तास जिवाचं रान केलं बहिणीनं, आणि राज्य कोणाला? तर कडेवर बसून आलेल्या भावाला! भाची हसायला लागली. “आत्या, पुढं तर वाच.”

पुढे सारा भेटते. नाटकात जायचं तिचं स्वप्न मागे पडलंय. ती इंग्रजी शिकवते. काही वाईट चाललेलं नाही, पण पहिल्यासारखं तिच्या डोळ्यांत काही उरलेलं नाही. आणि तिकडे गॉब्लिनांच्या गावात एक मुलगी आहे, मॉपेट. घरकामाला. तोंडावर गॉब्लिनचा मुखवटा. मुखवट्याखाली मात्र हुबेहूब साराचा चेहरा. फार पुढे कळतं, की ती म्हणजे साराची स्वप्नंच आहेत. राजानं ती तिच्याकडून चोरून नेली, आणि तीच मुलगी होऊन तिकडे दुसऱ्यांची धुणीभांडी करतायत.

मैत्रिणींनो, ते पान मी कितीतरी वेळ उलटलं नाही.

सातवीत असताना मी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास झाले होते. आठवीत इंटरमिजिएटचा फॉर्म भरला. परीक्षेचं केंद्र चिखलीला. त्या दिवशी भाऊ तापानं फणफणलेला, आई-बाबा शेतात, आजीला दिसत नव्हतं. मी गेले नाही. कोणी मला अडवलं नाही, तसं जा असंही कोणी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी फॉर्म भरलाच नाही. रंगपेटी कुठे गेली, तेही आठवत नाही. माझी स्वप्नं कुठल्या राजानं चोरली नाहीत. ती अशीच एका तापाच्या दिवशी घरात राहिली आणि मग घरकामाला लागली.

हे मी भाचीला सांगत होते. भाऊ ओसरीवर मोबाईल बघत बसला होता. मला वाटलं, त्याचं लक्ष नाही. थोड्या वेळानं तो आत आला. म्हणाला, “ताई, माह्यामुळं राहिली का तुही परीक्षा? इतक्या वर्षांत बोलली नाही कधी.”

मी म्हटलं, “तू काय करशील बाबा? तू दीड वर्षाचा होतास.”

खरंच, त्याचा काय दोष? टोबीनंही राज्य मागितलं नव्हतं. म्हणून मला या पुस्तकाचा राग येता येता राहिला. सिनेमातली सारा आवडणाऱ्या किती तरी मुलींना पुढे तिचं असं झालेलं आवडणार नाही. मलाही आधी आवडलं नाही. पण भावाला सुखरूप घरी आणणाऱ्या बहिणीचं पुढे काय होतं, हे कोणीतरी विचारलं, हेच मला मोठं वाटलं. शेवट मी सांगत नाही, मिळाली पुस्तकं तर वाचा. इंग्रजी अडलं तर घरातल्या शिकणाऱ्या पोरीला सोबत बसवा. आम्हा दोघींची ती दोन दुपारची बैठक फराळापेक्षा गोड होती.

एक गोष्ट मात्र सांगते. सिनेमातला तो रडका टोबी खराच टोबी होता. सिनेमातली भुतं आणि जग ज्यांनी कागदावर रेखाटलं, त्या ब्रायन फ्राउड यांचा मुलगा. मोठा झाल्यावर तो स्वतः बाहुल्या घडवणारा कलाकार झाला. मुलाला बापाचं स्वप्न मिळालं, छान झालं. आपल्या मुलींना आयांची मिळावीत, एवढंच वाटतं.

ओवाळणीत भावानं साडी दिली, दरवर्षी देतो तशी. निघताना भाचीनं पिशवीत आणखी काहीतरी सरकवलं. बसमध्ये उघडून पाहिलं, तर चित्रकलेची कोरी वही आणि बारा रंगांची पेटी. आत चिठ्ठी भावाच्या अक्षरात होती.

पहिलं चित्र काढलंय. कडेवर भाऊ घेतलेली एक मुलगी. तिचे हात नीट जमले नाहीत. उद्या पुन्हा काढून बघणार आहे.