जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे टायर आणि त्यातली हवा



हळद शिजली, वाळली, पॉलिश झाली, की पोती ट्रॉलीत रचून हिंगोली किंवा वसमतचा बाजार गाठायची घाई सुरू होते. निघताना आपण डिझेल पाहतो, इंजिनाचे तेल पाहतो. टायरला मात्र लाथ मारून "हवा ठीक आहे" म्हणतो. ट्रॅक्टर-ट्रॉली जुनी असेल तर ही सवय घातक ठरते. फुटलेल्या टायरचा खर्च एक वेळ सोसता येईल. पण भरलेली ट्रॉली उलटली तर गेलेले माणूस परत येत नाही.

टायरवर आलेले ओझे मुख्यतः आतली हवाच पेलते. म्हणून हवा कामाप्रमाणे ठेवावी लागते. जूनमध्ये सोयाबीनच्या पेरणीला काळ्या रानात मागच्या मोठ्या टायरात १२ ते १४ पौंड हवा बहुतेक ट्रॅक्टरांना पुरते. तिथे हवा जास्त झाली तर टायर जमिनीला कमी टेकतो, चाक घसरते, डिझेल जळते आणि रान दबते. तेच ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर निघाले, की हवा थोडी वाढवावी लागते. पुढच्या लहान टायरांना साधारण २४ ते ३० पौंड लागते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहा.

ट्रॉलीच्या टायरांना याहून पुष्कळ जास्त हवा लागते. किती वजनाला किती हवा, हे टायरच्या बाजूवर लिहिलेले असते. हवा कमी असली तर टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतून तापते आणि एप्रिलच्या उन्हात फुटते. हवा सकाळी, टायर गार असतानाच मोजा. वाटेत तापलेल्या टायरात ती वाढलेली दिसेल. म्हणून काढू नका.

टायर कसा झिजला, हेही पाहा. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त राहिली. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी राहिली. पुढचा टायर एकाच कडेने झिजत असेल तर चाकांची जुळणी मिस्त्रीकडून तपासून घ्या.

जुना टायर विकत घेताना केवळ नक्षी पाहून भुलू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. उदाहरणार्थ, '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे उन्हात पडलेल्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होऊन बाजूला भेगा पडतात. भेगेतून आतला धागा दिसत असेल, बाजूला फुगवटा असेल, तर तो टायर स्वस्तातही नको. एका आसावर दोन्ही टायर एकाच मापाचे असू द्या. मागचा टायर बसवताना त्यावरील बाणाची दिशा पाहा. उलटा बसला तर चिखलात पकड राहत नाही.

दोन गोष्टी जिवाशी गाठ घालणाऱ्या आहेत. ट्रॉलीच्या चाकाला कडी बसवलेली असेल, तर हवा भरताना ती नीट न बसल्यास गोळीसारखी उडते. चाकाला साखळी बांधा, लांब नळी वापरा, समोर उभे राहू नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. दुसरे, टायर रिंगवर असताना रिंगला कधीही वेल्डिंग करू नका. हवा काढलेली असली तरी आतला टायर तापून स्फोट होऊ शकतो. आधी टायर उतरवा, मगच वेल्डिंग.

हंगाम संपला की ट्रॉली सावलीत उभी करा आणि आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाकांवरचा भार काढा. एक साधे हवामापक गेज घरीच ठेवा. शेतासाठी किती पौंड आणि रस्त्यासाठी किती, हे मडगार्डवर रंगाने लिहून टाका. म्हणजे स्टिअरिंगवर मालक असो, मुलगा असो की सालगडी, हवा बरोबर राहील.