एका फ्रेमच्या आत

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात राहणाऱ्या गिटारवादकाला मुंबईतल्या एखाद्या चांगल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचं असेल, तर लोकल पकडावी लागते. सीएसएमटीपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. स्टुडिओचं भाडं तासावर चालू असताना तिथे कॅमेरे मांडत बसणं परवडत नाही. मग चित्रीकरण घरी होतं, सोसायटीच्या गच्चीवर होतं किंवा उल्हास नदीच्या काठी. आवाज एका दिवसाचा, चित्र दुसऱ्या दिवसाचं. दोन्ही एकाच क्षणी घडलं असं पाहणाऱ्याला वाटायला हवं. हे काम संपादनाच्या वेळी करायचं असतं, असा बहुतेकांचा समज. माझ्या मते ते कॅमेरा सुरू होण्याआधीच बरंचसं साधलेलं किंवा बिघडलेलं असतं.

ही गरज जवळपास आपल्या बोलपटाइतकीच जुनी आहे. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ काढला, तेव्हा गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना कॅमेऱ्यासमोर अभिनय करतानाच गावं लागलं. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छांव’मध्ये गाणं आधी मुद्रित केलं आणि मग त्यावर चित्रीकरण केलं. पार्श्वगायनाची वाट तिथून रुळली. पुढे गाणं स्टुडिओत बांधायचं, सेटवर ते लाउडस्पीकरवर वाजवायचं आणि नटाने ओठ हलवायचे, हा मुंबईचा शिरस्ता झाला. ओठांसोबत वाद्यंही आली. ‘कर्ज’मध्ये (१९८०) ऋषी कपूर यांच्या हातातल्या गिटारचे सूर गोरख शर्मा यांचे आहेत. त्या कथेत गिटारची धून म्हणजे मागच्या जन्माचा पुरावा, म्हणून प्रेक्षकाचं लक्ष नायकाच्या चेहऱ्याकडे आणि खलनायिका कामिनीच्या घाबरण्याकडे असतं. बोटं नेमकी कुठल्या पट्टीवर (फ्रेटवर) आहेत, हे फारसं कुणी पाहत नाही.

एकट्या गिटारवादकाच्या व्हिडिओला ही सूट मिळत नाही. पाहणाऱ्यांत बरेचजण स्वतः गिटार शिकणारे असतात आणि त्यांची नजर डाव्या हातावर खिळलेली असते. शिवाय तारेवरचा आघात फार टोकदार असतो. गाणाऱ्याचा स्वर हळूहळू उमलतो, छेडलेली तार एकदम बोलते. त्यामुळे थोडा उशीरही उघडा पडतो.

किती उशीर चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीत याचे आकडे आहेत. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवू लागतो, पण मागे पडला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. हा फरक निसर्गाने शिकवलेला आहे. प्रकाश लगेच पोहोचतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. मैदानाच्या कडेला ७० मीटरवर उभं राहिलं तर बॅटचा फटका आधी दिसतो आणि सेकंदाच्या पाचव्या भागाने, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. आवाज आधी आणि कृती नंतर, हे मात्र आपण आयुष्यात कुठेच अनुभवत नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. गिटारसाठी मी एका फ्रेमच्या आतलाच हिशोब धरतो.

रस्ते दोन. पहिला, वाजवताना आवाज आणि चित्र एकाच वेळी घ्यायचं, आवाज मात्र कॅमेऱ्याच्या माइकवर न ठेवता वेगळ्या रेकॉर्डरवर. दुसरा, आधी ध्वनिमुद्रण आणि मग त्यावर वाजवून चित्रीकरण. उत्स्फूर्त वाजवणाऱ्याने पहिलाच रस्ता धरावा, हे मी आग्रहाने सांगतो. क्षणात सुचलेली जागा पुन्हा तंतोतंत वाजवता येत नाही, आणि प्रयत्न केला की चेहऱ्यावरचा ताण दिसतो. पहिल्या रस्त्याची अडचण आसपासच्या आवाजाची. लोकलचा भोंगा, पत्र्यावरचा पाऊस, फिरता पंखा हे सगळं बाराव्या पट्टीसमोर फूटभरावर ठेवलेल्या माइकमध्ये शिरतं.

दुसऱ्या रस्त्याने जायचं, तर स्टुडिओतून फक्त अंतिम गाणं घेऊन येऊ नये. सुरुवातीला एक टोकदार ‘बीप’ आणि चार ठोके असलेली वेगळी प्रत मागून घ्यावी. ती छोट्या लाउडस्पीकरवर खोलीत वाजू द्यावी, म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याच्या माइकवर तीच खूण उमटते. वादकाने कानाला काही लावायचंच असेल तर वायरचा इअरफोन. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज उशिरा पोहोचतो. वादक तो ऐकून अगदी लयीत वाजवतो, आणि त्याचं सगळं वाजवणं तेवढंच मागे सरकलेलं असतं.

मग गृहपाठ. स्टुडिओतलं अंतिम ध्वनिमुद्रण पुष्कळदा तीन-चार टेकमधले तुकडे जोडून झालेलं असतं. वादकाला ती स्वतःचीच रचना असूनही नव्याने पाठ करावी लागते. स्ट्रोक खाली की वर, हे कानाला कळतं, कारण वरून खाली येताना जाड तारा आधी बोलतात. बोट तारेवरून घसरल्याची चिरक आवाजात असेल तर चित्रात हात सरकलेला दिसायला हवा. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) त्याच पट्टीवर हवा. गिटार खरंच वाजवायची, नुसती बोटं फिरवायची नाहीत. दंडाची आणि मनगटाची खरी ताकद लागते तेव्हाच ती दिसते. मे महिन्यात मुद्रण आणि जुलैत चित्रीकरण असेल तर आणखी एक गोष्ट. बदलापूरच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, तारा उचलल्या जातात, सूर हलतो. गिटार मूळ मुद्रणाशी पुन्हा जुळवून घ्यावी, नाहीतर खोलीत वाजणाऱ्या गाण्याशी ती भांडत राहते आणि वादकाचं लक्ष उडतं.

कॅमेऱ्याकडे येऊ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. २५ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश सेकंद ठेवलं तर चित्रात पट्टे फिरत नाहीत. गच्चीवरच्या उन्हात फोन आपणहून शटरचा वेग खूप वाढवतो. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्याने कंप पावणाऱ्या तारा मग लाटांसारख्या वळलेल्या दिसतात. कॅमेऱ्यापुढे एनडी फिल्टर लावून प्रकाश कमी करावा आणि शटर हाताने पक्कं करावं.

फोनचा आणखी एक स्वभाव असा, की तो फ्रेमचा वेग अधूनमधून बदलतो. असं चित्रण संपादनाला घेण्याआधी स्थिर वेगात बदलून घ्यावं. आवाजही ४८ किलोहर्ट्झवर मागावा. ४४.१ची फाइल चुकून ४८ समजून वाजली तर ती जवळजवळ नऊ टक्के जास्त वेगाने धावते आणि सूर सुमारे दीड सेमिटोनने चढतो. हा घोटाळा लगेच कानावर येतो. २४ आणि २३.९७६ फ्रेममधला फरक मात्र गुपचूप फसवतो. तो हजारात एक, पण पाच मिनिटांच्या वादनाच्या शेवटी ३०० मिलिसेकंदांचा होतो.

संपादनात आता फार उरत नाही. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही कॅमेऱ्याचा आवाज आणि स्टुडिओचा आवाज यांच्या लहरी पाहून दोन्ही जुळवते. त्यावर विसंबून राहू नये. सुरुवातीची बीप जुळली की थेट शेवटच्या आघातावर जावं. तिथे फट दिसली तर दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालली आहेत. अशा वेळी चित्राचा वेग बदलावा, आवाजाला हात लावू नये. एकेका फ्रेमने सरकवूनही समाधान होत नसेल तर बहुतेक संपादन प्रणालींत आवाज फ्रेमपेक्षा लहान टप्प्यांनी हलवता येतो. तारेला नख लागतं ती फ्रेम आणि लहरीचं पहिलं टोक एकाखाली एक आणावं. कॅमेऱ्याचा मूळ आवाज शेवटी पूर्ण बंद करावा, तो हलकासा राहिला तरी गिटार डब्यात वाजल्यासारखी लागते. तयार व्हिडिओ वायरच्या इअरफोनवर, मग फोनच्या स्पीकरवर पाहावा; आणि शक्य झालं तर गिटार वाजवणाऱ्या एखाद्या मित्राला काही न सांगता दाखवावा. त्याची नजर कुठल्या जागी अडते, ती जागा पुन्हा उघडावी.