पितळेचं पातेलं, कूलरचं गवत आणि फायब्रोसिस : ‘कारण’ सिद्ध होतं तरी कसं?



पेट किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘अमुकमुळे तमुक आजार होतो’ असं वाक्य बोलून बघा. समोरून लगेच प्रश्न येतो, “हे कशावरून?” बरेच जण तिथे अडकतात, कारण पुस्तकात कारणांची यादी दिलेली असते, पण ती यादी कशी तयार झाली हे कुणी शिकवत नाही. आज तेच बघू. त्यासाठी दोन आजार घेतले आहेत. पहिला यकृताचा, लहान मुलांमधला सिरोसिस. त्याचं महत्त्वाचं संशोधन आपल्या पुण्यात झालं. दुसरा फुप्फुसाचा फायब्रोसिस. त्याचा एक धागा मुखेड-नांदेड-लातूरच्या उन्हाळ्याशी जुळू शकतो.

आधी फायब्रोसिस समजून घेऊ

गुडघा फुटला की जखम भरते आणि वण राहतो. वण म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. एकदाच झालेली जखम असेल तर काम तिथे संपतं. पण एखाद्या अवयवाला रोज थोडी थोडी इजा होत राहिली, तर दुरुस्तीचं काम थांबतच नाही. यकृतात स्टेलेट पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व ‘अ’ साठवून शांत बसलेल्या असतात. इजेचा संदेश मिळाला की त्या रूप बदलतात आणि कोलॅजन बनवायला लागतात. फुप्फुसात हेच काम तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशी करतात. दोन्हीकडे टीजीएफ-बीटा हा संदेश देणारा रेणू महत्त्वाचा असतो.

यकृतात वणांच्या जाळ्यात पेशींच्या गाठी अडकल्या आणि मूळची रचना बिघडली, की त्याला सिरोसिस म्हणतात. फुप्फुसात वायुकोशांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. श्वास पुरत नाही, कोरडा खोकला राहतो. स्टेथोस्कोप लावला तर बुटाची वेल्क्रोची पट्टी उघडताना येतो तसा आवाज येतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. इजा कशानेही झाली तरी शेवटचा वण बराचसा सारखाच दिसतो. दारू, हिपॅटायटिसचा विषाणू, चरबी, तांबं, शेवटी कोलॅजनच. म्हणून नुसता वण बघून कारण हमखास सांगता येत नाही. ते शोधायला पुष्कळदा दवाखान्याच्या बाहेर, घरात आणि रानात जावं लागतं.

पुण्याची गोष्ट : मुलं, दूध आणि पितळ

इंडियन चाइल्डहुड सिरोसिस, म्हणजे आयसीसी, हा आजार १८८७ मध्ये कलकत्त्याहून पहिल्यांदा नोंदवला गेला. साधारण सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, बहुतेक खेड्यातली. पोट फुगायचं, यकृत मोठं आणि कडक लागायचं. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेकांचा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात दोन-दोन मुलं जायची. त्यामुळे ‘हा घराण्यातलाच दोष असणार’ हा अंदाज स्वाभाविक होता.

१९७८-७९ मध्ये एक धागा सापडला. अशा मुलांच्या यकृताच्या तुकड्यांवर ऑर्सीन नावाचा रंग टाकल्यावर तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे कण दिसले. निरोगी यकृतात एका ग्रॅम कोरड्या ऊतीत तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांमध्ये ते त्याच्या कितीतरी पट निघालं. पण विल्सन आजारात रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन सहसा कमी असतं, तसं इथे नव्हतं. मग तांबं आलं कुठून?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी स्टुअर्ट टॅनर यांनी हा प्रश्न घरापर्यंत नेला. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवलं, कशात ठेवलं? १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. आजारी मुलांना गाई-म्हशीचं दूध लवकर सुरू झालं होतं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलं किंवा ठेवलं जात होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू, हे लक्षात घ्या.

आपल्या आज्या कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवू देत नसत, ‘कळकतं’ म्हणायच्या. आंबट पदार्थाची काळजी सगळ्यांना होती. दूध आंबट नाही, म्हणून त्याची शंका कुणाला आली नसावी.

पायरी पायरीने पुरावा

१. नातं. आजारी मुलांमध्ये पितळ-तांबं जास्त आढळलं. १९८३ च्या लेखाच्या शीर्षकात ‘संभाव्य कारण’ असाच शब्द आहे. शास्त्रज्ञ शब्द किती जपून वापरतात, ते शिकून ठेवा.

२. तुलना. पितळ तर तेव्हा घरोघरी होतं. मग नुसतं आजारी मुलांच्या घरी पितळ सापडून काय उपयोग? म्हणून प्रत्येक आजारी मुलाला जुळेल असं निरोगी मूल घेऊन, जोडीजोडीने आहाराचा इतिहास तपासला गेला. तो अभ्यास १९८७ मध्ये आला. फरक कायम राहिला.

३. यंत्रणा. दूध पितळेत ठेवल्यावर खरंच तांबं ओढतं का? १९८९ मध्ये छापलेल्या प्रयोगांनी दाखवलं की ओढतं, आणि ते तांबं दुधातल्या केसीन प्रथिनाला चिकटतं. शरीर जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं आणि तान्ह्या बाळात ही क्षमता अजून पक्की झालेली नसते.

४. उपचार. शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध दिलं. कावीळ आणि पोटात पाणी होण्याच्या आधी सुरू केलं तर काही मुलं वाचली, उशिरा दिलं तर फारसा उपयोग झाला नाही. १९९६ मध्ये याच गटाने उपचारानंतर पाच वर्षं किंवा जास्त जगलेल्या २९ मुलांचा आढावा छापला. त्यातल्या काहींच्या यकृताची रचना जवळपास पूर्ववत झाली होती. सिरोसिस म्हणजे परतीचा रस्ता बंद, असं मानलं जायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

५. प्रतिबंध. भांडी बदलण्याचा सल्ला दिला गेला आणि १९९२ मध्ये प्रतिबंधावरचा लेख आला. त्या दशकात हा आजार दुर्मीळ होत गेला.

एकटी कुठलीही पायरी पुरेशी नाही. पाच मिळून वजन येतं.

मग विषय संपला का? नाही

आता उलट बाजूने विचार करा. मुलाखतीत गुण इथेच मिळतात.

पहिला आक्षेप : तांबं हे कारण की परिणाम? पित्ताचा मार्ग तुंबला तरी यकृतात तांबं साचतं. दुसरा : पेनिसिलामाइन नुसतं तांबं काढत नाही, कोलॅजनच्या धाग्यांची बांधणीही सैल करतं. मग गुण नेमका कशाने आला? तिसरा : भांडी तर तशीही बदलतच होती. स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघरी आलंच होतं आणि त्याच काळात बाकीही बरंच बदललं. चौथा : एवढी घरं पितळ वापरत असताना थोडीच मुलं का आजारी पडली? एन. सी. नायक यांच्यासारख्या नामवंत पॅथॉलॉजिस्टनी तांबं हेच मूळ कारण मानायला पुढेही नकार दिला.

इथे बाहेरचे दोन अभ्यास कामाला येतात. ऑस्ट्रियाच्या तिरोल भागात १९०० ते १९७४ दरम्यान असाच आजार १३८ बाळांना झाला. तिथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात गाईचं दूध उकळत असत. भांडी बदलली, आजार संपला. पण वंशावळी पाहिल्यावर आनुवंशिक कलही दिसला. दुसरीकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं होतं, तरी लहान मुलांमध्ये यकृताच्या आजाराने एकही मृत्यू आढळला नाही.

दोन्ही एकत्र ठेवले की बहुतेकांना पटणारं उत्तर निघतं : जास्तीचं तांबं आणि ते न पेलवणारं शरीर, दोन्ही लागतं. ‘एका घरात दोन मुलं, म्हणजे जनुकं’ हा तर्क का कच्चा होता, तेही कळतं. भावंडांची जनुकं सारखी असतात, पण पातेलंही एकच असतं ना!

आता आपल्या दारातला कूलर

मार्च २०१२ ते जून २०१५ या काळात भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी फुप्फुसाच्या अशा आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली. २०१७ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. त्यात ४७.३ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. म्हणजे बुरशी, जिवाणू, पक्ष्यांची पिसं असलं काहीतरी सतत श्वासातून जाऊन फुप्फुस चिडतं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं की वण पडतो. यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या इतिहासात एअर कूलर होता.

यंत्रणा पटण्यासारखी आहे. कूलरचं गवत ओलं, टाकीत साठलेलं पाणी, त्यात बुरशी वाढते आणि पंखा तोंडावर मारतो. पण वरच्या पायऱ्या लावून बघा. आपण कुठे आहोत? पहिल्या पायरीवर, आणि तिसरीची थोडी चाहूल. ही रुग्णांची नोंद होती, त्यात जुळवलेले निरोगी लोक नव्हते. आणि उन्हाळ्यात कूलर तर निम्म्या गल्लीत असतो. म्हणून ‘कूलरमुळे फायब्रोसिस होतो’ हे वाक्य आज लिहू नका. ‘संबंध दिसतो, तुलना करणारा अभ्यास हवा’ असं लिहा.

शब्द जपून वापरायचे याचा अर्थ रुग्णाला थांबवून ठेवायचं असा मात्र नाही. घरात कुणाला महिनोन् महिने कोरडा खोकला आणि चढताना धाप लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. कूलर, कबुतरं, भिजून बुरसटलेला कडबा यांबद्दल त्यांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधं फुप्फुसाचा ऱ्हास मंद करतात, पडलेला वण पुसत नाहीत. त्यामुळे कारण लवकर सापडणं इथे फार मोलाचं आहे.

तुमच्यासाठी एक प्रश्न

लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाणीटंचाई असते तेव्हा कूलरच्या टाकीतलं पाणी कमी वेळा बदललं जात असेल का? तसं असेल तर त्यात बुरशी जास्त वाढते का? आणि त्या घरांत हा आजार जास्त दिसतो का? हे एका ओळीत तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला सर्वेक्षण लागेल, दुसऱ्याला सूक्ष्मजीवशास्त्राची साधी प्रयोगशाळा, तिसऱ्याला रुग्णालय आणि जुळवलेली निरोगी माणसं. एम.एस्सी. झालेला विद्यार्थी पहिले दोन नक्की हाताळू शकतो.

‘आपल्याकडून कुठं होतंय’ असं म्हणू नका. मुखेडच्या डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण भागातल्या सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव मांडला आणि तो २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त छापून आला. दहा वर्षांच्या नीट ठेवलेल्या नोंदी, तालुक्याच्या गावातून. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते.

या आठवड्यात एवढं करा : वर्तमानपत्रातली ‘यामुळे हा आजार होतो’ अशी एक बातमी घ्या आणि ती वरच्या पाचपैकी कुठल्या पायरीवर उभी आहे ते वहीत लिहा. जमलं, तर ‘हे कशावरून?’ या प्रश्नाची निम्मी तयारी झाली म्हणून समजा.