मनीप्लांटची पेरं मोजताना

मनीप्लांट विकत आणायचा नसतो, कुणाच्या तरी कुंडीतून गुपचूप खुडून आणायचा असतो, तरच तो फोफावतो, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. त्यामागे बरकतीचा विचार असेल. पण वेलीच्या बाजूने पाहिलं तर माणसाच्या हाताखेरीज तिला दूरवर जायला दुसरा मार्गच उरलेला नाही. तिला फूल धरत नाही, म्हणून बी नाही. माहेरहून सासरी, चाळीतून फ्लॅटमध्ये, बँकेच्या काउंटरवरून कारकुनाच्या घरी ती गेली ती तुकड्यातुकड्याने. म्हणजे हौशी मंडळींच्या देवाणघेवाणीत जे हाती येतं ते नवं रोप नसतं. तीच वेल पुढे चालू राहिलेली असते.

फूल नसल्याने वनस्पतिशास्त्रज्ञांचीही बरीच तारांबळ उडाली. १८८० मध्ये एदुआर आंद्रे आणि बेल्जियममधले रोपांचे नामांकित व्यापारी जाँ लिंडेन यांनी तिला 'पोथॉस ऑरियस' म्हणून नोंदवलं. ती सॉलोमन बेटांवरची, असा तेव्हा समज होता. तिचं मूळ ठिकाण आता फ्रेंच पॉलिनेशियातलं मोरेआ हे बेट मानलं जातं. १९०८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर यांनी तिला 'सिंडॅप्सस' प्रजातीत नेलं. १९६२ मध्ये फ्लोरिडात एक वेल फुलली, तेव्हा कुठे फुलाची रचना पाहायला मिळाली. मग १९६३ मध्ये 'ऱ्हाफिडोफोरा' आणि लगेच १९६४ मध्ये 'एपिप्रेम्नम' असं नामांतर झालं. बाजारात मात्र ती अजूनही 'पोथॉस'च आहे.

आपोआप फुलल्याची शेवटची ठळक नोंद १९६४ ची. ती का फुलत नाही, याचं उत्तर मिळालं २०१६ मध्ये. जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्याच्या साखळीतलं एक जनुक या वेलीत जवळजवळ मुकं आहे, त्यामुळे फुलोऱ्याचा निरोपच पोचत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर वेल फुलली. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार ज्याला 'जीए' म्हणतात आणि ज्यात घड बुडवून काढतात, तेच हे द्रव्य.

फूल नाही, पिढ्या नाहीत, पण बदल मात्र डोळ्यांत भरेल इतका. माझ्या मते या वेलीची खरी गोष्ट इथेच आहे. टीव्हीशेजारच्या बाटलीतली वेल तळहाताएवढं पान जेमतेम देते. तीच वेल कोकणातल्या एखाद्या वाडीत झाडावर चढली की पान सुपाएवढं होतं, त्याला कडेपासून आत चिरा पडतात. वाडीत फिरायला आलेल्यांना ही वेल वेगळीच वाटते. पुरत्या वाढलेल्या वेलीचं पान मीटरभर लांब होऊ शकतं.

अशा वेलींचं पेरन् पेर मोजण्याचं काम अमेरिकन संशोधक थॉमस रे यांनी मध्य अमेरिकेच्या जंगलात केलं. त्यांनी अभ्यासलेलं सिंगोनियम आपल्या गॅलऱ्यांतही आहे, बाणाच्या टोकासारखं पान असलेलं. त्याआधी १९७५ मध्ये डोनाल्ड स्ट्राँग आणि रे यांनी कोस्टा रिकातल्या मॉन्स्टेराच्या रोपट्यांबद्दल दाखवून दिलं होतं की बीजातून उगवलेला कोंब उजेडाकडे न जाता आधी अंधाराकडे सरकतो, कारण जमिनीवरून सगळ्यांत मोठा अंधार दिसतो तो झाडाच्या बुंध्याचा. सिंगोनियममध्ये रे यांना चक्र सापडलं. वर चढताना प्रत्येक पेरागणिक पान मोठं होत जातं. आधार सुटून वेल लोंबू लागली की पानं लहान आणि पेरांमधलं अंतर लांब होतं. पुन्हा आधार मिळाला की पुन्हा चढ सुरू.

मनीप्लांटही असाच वागतो, आणि ते पाहायला जंगलात जावं लागत नाही. उसाला असतं तसं याच्या खोडालाही पेर असतं. प्रत्येक पेराला एक पान, एक डोळा आणि हवेत डोकावणारं एक आखूड तपकिरी मूळ. पान गळलं तरी त्याचा वण खोडाला वेढून राहतो, त्यामुळे वर्षभराने हाती घेतलेल्या वेलीवरही गेलेली पानं मोजता येतात. दोन वणांमधलं अंतर जिथे एकदम वाढलेलं दिसतं, तिथे वेलीचा आधार सुटला असेल किंवा उजेड कमी पडला असेल. वाढीची नोंद ठेवायची तर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांत नव्या, पूर्ण उलगडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा, पानाची रुंदी वहीत लिहायची, एवढ्याने काम होतं. पावसाळ्यातली धाव आणि थंडीतली सुस्ती दोऱ्यांच्या अंतरात दिसते.

याहून महत्त्वाची नोंद, जी कुणीच करत नाही, ती कटिंग देताना करायची असते. चढत्या वेलीचा शेंडा एकाला दिला आणि लोंबणाऱ्या शेपटाचा तुकडा दुसऱ्याला, तर दोघांची रोपं वर्षभर वेगळी वाढतात. पहिल्याचं पान मोठंच निघतं आणि आधार न मिळाल्यास हळूहळू लहान होतं. दुसऱ्याचं लहानापासून सुरू होतं. मग 'तुझ्या हाताला गुण आहे' म्हणून विषय संपतो! दोघांकडची वेल आतून तीच असल्याने फरक पडतो तो जागेचा, उजेडाचा, आधाराचा आणि तुकडा कुठला होता याचा. असा प्रयोग मुद्दाम मांडायचा तर संशोधकाला कितीतरी खटपट करावी लागेल. आपल्याकडे तो नाशिकच्या गॅलरीत आणि रत्नागिरीच्या अंगणात आयता मांडलेला आहे आणि चिठ्ठीअभावी वाया जातो आहे. मला त्याची खरोखर हळहळ वाटते. कुंडीत खोचलेल्या आइस्क्रीमच्या काडीवर तारीख, कुणाकडून, आणि शेंडा की मधलं पेर, इतकं पुरे. नको असलेली छाटणी ओढ्याकाठी मात्र टाकू नये. श्रीलंकेत आणि हवाईत हीच वेल रानात शिरून उपद्रवी झाली आहे.

आतून तीच, या म्हणण्याला एक अपवाद आहे. कधीतरी एखाद्या डोळ्यातल्या पेशींत बदल होतो आणि हिरव्यात पांढरं उमटतं. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून अशी वेल सावकाश वाढते. तिच्यातूनच एखादा निव्वळ हिरवा फुटवा निघाला तर तो जोमाने पुढे जाऊन बाकीच्यांना झाकतो. 'मार्बल क्वीन' वाढवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. हिरवा फुटवा छाटायचा आणि ज्या पेराच्या खोडावरच पांढरी रेघ आहे, तिथूनच कटिंग घ्यायचं, हा त्यावरचा उपाय. आज जगभर हौशी लोक एकमेकांना देत असलेली 'एन-जॉय' आणि 'मंजुळा' ही वाणं अशाच बदलांतून आली. दोन्हींचं अमेरिकी पेटंट मुंबईचे बागायतदार आशिष अरविंद हंसोटी यांच्या नावावर आहे. नर्सरीत एकसारख्या दिसणाऱ्या रोपांच्या रांगांत एखाद्याचं पान वेगळं निघालं, तर ते हेरून बाजूला काढावं लागतं, त्याची कटिंगं लावावी लागतात, आणि पुढच्या कटिंगांतही तो रंग टिकतो का, हे पाहत राहावं लागतं. तुमच्या खिडकीतल्या वेलीवरही असा फुटवा येऊ शकतो. आला तर छाटण्याआधी त्या पेराला दोरा बांधा.