गोठ्यातील वीजपुरवठा : दोष व दुरुस्ती

घरातून गोठ्यात ओढलेली वायर बहुधा दोनच तारांची असते. अर्थिंगची तार नसते. अशा वेळी कडबाकुट्टीच्या मोटारीच्या सांगाड्यात वीज उतरली, तरी फ्यूज उडत नाही. कारण ओल्या जमिनीतून जाणारा प्रवाह फ्यूज वितळण्याइतका नसतो. जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने त्याला धक्का जीवघेणा ठरतो.

यासाठी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगच्या तारेसह नवी केबल टाकून घ्यावी. न्यूट्रललाच अर्थिंग समजून जोडू नये. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून त्याचे टेस्ट बटन दरमहा दाबून पाहावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.

जनावराला वीज लागल्यास आधी मेन स्विच बंद करावा, मगच हात लावावा.