कलमकाडी आणि हरवणारे मातृवृक्ष

मृग नक्षत्र लागले की गोमंतकातील आंब्याचा मोसम उतरणीस लागतो. मोसमाच्या आरंभी ज्याचा डझनाचा भाव हजारांच्या घरात जातो आणि ज्याची चर्चा विधानसभेच्या चर्चेहून अधिक चवीने होते, तो मानकुराद एव्हाना बाजारातून दिसेनासा झालेला असतो. मागे उरतात त्या उशिरा पिकणाऱ्या जाती आणि झाडाखाली सडा पडलेले रायवळ. पहिल्या चार सरी कोसळल्या की मागील दारी टाकलेल्या कोयींना तांबूस, लवलवते कोंब फुटतात. आठपंधरा दिवस ते तसेच डुलतात आणि एके दिवशी अंगण साफ करणाऱ्याच्या हाती लागून उकिरड्यात जातात. ज्या कोंबांवर आपल्या आजोबांच्या हातच्या झाडाचा वंश उभा करता आला असता, तेच कोंब आपण दरवर्षी टोपलीभर फेकून देतो, हे फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

कोय रुजवली म्हणजे तोच आंबा मिळेल, हा समज अद्यापि मोठ्या प्रमाणावर आढळतो. वस्तुतः आंब्याच्या मोहोरावर परागीकरण होते ते बव्हंशी परक्या झाडाच्या परागाने. आपल्याकडील बहुतेक जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो आईबापांच्या गुणांची सरमिसळ घेऊन जन्मतो. मानकुरादाच्या कोयीतून मानकुराद निघणे हा योगायोग समजावा. पश्चिम किनाऱ्यावरील काही जातींच्या कोयीत एकाहून अधिक गर्भ असतात आणि त्यांतील काही आईचेच तंतोतंत रूप असतात. पण आपल्या आवडत्या आंब्यांचे भाग्य तसे नाही. म्हणून कलम. म्हणजे आवडत्या झाडाची डहाळी घ्यायची आणि ती दुसऱ्या रोपाच्या मुळावर वाढवायची.

‘क्लोन’ हा शब्द कानी पडला की आज डोळ्यांपुढे प्रयोगशाळा आणि १९९६ साली जन्मलेली डॉली मेंढी उभी राहते. मुळात तो शब्द बागाइताचा आहे. अमेरिकेच्या कृषिखात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी १९०३ साली डहाळीवाचक ग्रीक शब्दावरून तो घडविला, तो कलमे, कंद, फुटवे यांपासून वाढविलेल्या वनस्पतींना एक नाव असावे म्हणून. त्या अर्थाने पाहता गोमंतकीय माणूस चारशे वर्षांहून अधिक काळ क्लोन खात आला आहे. कलमाचे झाड हे मूळ झाडाचे अपत्य नव्हे. ते मूळ झाडच आहे, केवळ दुसऱ्या मुळावर उभे असलेले.

ही विद्या भारताला सर्वस्वी अपरिचित होती, असे मात्र कुणी म्हणू नये. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. त्यात एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या खोडावर वा मुळावर बसवून शेणाचा लेप देण्याची रीत सांगितली आहे, आणि अशा रीतीने लावण्याजोग्या झाडांची यादीही दिली आहे. फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष यांची नावे तेथे येतात. त्या यादीत आंबा नाही. आंब्याच्या कलमांना या किनाऱ्यावर बहर आला तो पोर्तुगीज अमदानीत, आणि त्याचे श्रेय परंपरेने जेजुइट पाद्र्यांना दिले जाते. इन्क्विझिशनच्या काळाविषयी आमच्या मनात कोणतीही हळवी भावना नाही. परंतु ज्याचे त्याला द्यावे.

हापूसचे नाव आफोंस द आल्बुकेर्क याच्यावरून पडले, असे शाळेपासून सांगितले जाते. आल्बुकेर्क १५१५ साली मरण पावला आणि पहिला जेजुइट, फ्रान्सिस झेवियर, गोव्यात उतरला तो १५४२ साली. तेव्हा पाद्र्यांनी बांधलेल्या कलमाचे फळ त्या सेनानीच्या वाट्यास येणे शक्य नव्हते. नाव मागाहून गौरवार्थ दिले असल्यास गोष्ट वेगळी. पण निकोलाव मानुची या व्हेनिसच्या प्रवाशाने मोगलांविषयीच्या आपल्या इतिहासात गोव्यातील उत्तम आंब्यांची जी नावे नोंदविली, त्यांत ‘निकोलाव आफोंसो’ हे एक आहे. हापूसचा धागा एखाद्या सेनानीऐवजी एखाद्या बागाइताकडे जात असावा, या तर्काला त्यामुळे आधार मिळतो, आणि आम्हांस तो अधिक भावतो. मानकुरादाचे नाव तर याहून गमतीचे. ‘माल कोरादो’ म्हणजे रंग नीट न भरलेला. वरच्या कातडीवरून या फळाला नाव ठेवणाऱ्याने ते कापून पाहिले नसावे.

मानुचीच्या यादीतील बरीच नावे आज कुणाच्याही ओठांवर नाहीत. फर्नांदिन, मालगेस, मुसराद, हिलार, शावियर, बिश्प ही नावे अजून ऐकू येतात. पण आज बाजारात मोठ्या हौसेने विचारणा होते ती एकट्या मानकुरादाची. मुसरादाची झाडे घरोघरी राहिली ती आंब्याच्या मांगडाच्या प्रेमापोटी. शोचनीय गोष्ट अशी की बियाण्याची जात एखाद्या कणगीत, मडक्यात वर्षभर तरी टिकते. कलमी जात केवळ जिवंत झाडातच टिकते. आंब्याची कोय आठवडा-दीड आठवडा उघड्यावर पडली की तिचीही उगवणशक्ती सरते, आणि वाळलेल्या फांदीची काडी जगातला कोणताही कारागीर जिवंत करू शकत नाही. शेवटचे झाड पडले की जात संपली.

आणि झाडे पडत आहेत. वाटण्या होतात, जुनी घरे विकली जातात, परसाचे भूखंड होतात, रस्ता रुंद होतो. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते आणि तोडलेल्याच्या बदल्यात नवी झाडे लावण्याची जबाबदारी येते. कायदा चांगला आहे. पण त्याच्या हिशेबात झाड म्हणजे झाड. शंभर वर्षांच्या फर्नांदिनाच्या जागी गुलमोहोराची दोन रोपे लागली की कागद पूर्ण होतो. २०२३ साली गोव्याच्या मानकुरादाला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. तथापि मानांकन नावाचे रक्षण करते, खोडाचे करीत नाही.

येथे आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मानकुराद म्हणून दोन कलमे आणून कुंपणाजवळ लावली. सहाव्या वर्षी एकाला फळ धरले. ते आंबट, धाग्याचे आणि मुठीएवढे निघाले. रोपवाटिकेला शिव्याशाप देऊन झाल्यावर एका जाणत्या माळ्याला झाड दाखविले. त्याने बुंध्याशी बसून मातीत बोटे घातली आणि कलमाचा जोड दाखविला. जोडाच्या वरचा भाग केव्हाच वाळून गेला होता आणि जोडाखालून फुटलेला खुंटाचा फुटवाच झाड होऊन बसला होता. आम्ही सहा वर्षे निष्ठेने पाणी घातले ते रायवळाला. दुसरे झाड मात्र जोड शाबूत असूनही मानकुरादाचे निघाले नाही, तेव्हा शिव्याशाप अगदीच वाया गेले असे नाही. कलम पुरताना जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालचा प्रत्येक कोंब नखाने खुडला पाहिजे, एवढी साधी गोष्ट रोप देणाऱ्याने सांगितली नव्हती आणि घेणाऱ्याने विचारली नव्हती.

ग्राहकाला फसगत कळते ती पाचसहा वर्षांनी. तोवर पावती हरवलेली असते. दुधात पाणी घातले तर त्याच दिवशी कळते. कलमात लबाडी केली तर एक पिढी अर्धी सरते. राष्ट्रीय बागवानी मंडळाकडून रोपवाटिकांना मान्यता देण्याची पद्धत आहे, आणि रोप घेताना तिची चौकशी अवश्य करावी. परंतु ज्या झाडाचा आंबा आपण वर्षानुवर्षे खाल्ला, त्याचीच काडी आपल्या हाताने बांधण्याइतकी खात्री दुसऱ्या कशात नाही.

पूर्वी हे काम खरोखर कष्टाचे होते. भेटकलमासाठी कुंडीतले रोप आंब्याच्या फांदीपर्यंत नेऊन माच बांधून ठेवावे लागे, दोघांच्या साली तासून एकमेकांना बांधाव्या लागत आणि जोड एकजीव होईपर्यंत दोनतीन महिने त्या माचावर पाणी चढवावे लागे. म्हणून कलमे बांधणारे घराण्याने ठरलेले असत. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोयकलमाचा प्रसार केला आणि हे काम ओसरीवर आले.

रीत अशी आहे. ताज्या, किडा न लागलेल्या रायवळाच्या कोयी ओल्या मातीत वा पिशवीत रुजवाव्यात. कोंब येऊन दहापंधरा दिवस झाले, पाने अजून तांबूस आहेत, अशा वेळी रोप खुंट म्हणून घ्यावे. हव्या त्या झाडावर तीनचार महिने वयाची, पेन्सिलीहून किंचित बारीक, शेंड्याचा डोळा फुगलेली डहाळी आधीच हेरून तिची पाने आठदहा दिवस अगोदर देठ ठेवून कापलेली असावीत. त्यामुळे रस डोळ्याकडे वळतो. मग वीतभराहून थोडी आखूड काडी कापून आणावी आणि तिच्या बुडाला दोन्ही अंगांनी तिरका काप देऊन पाचर करावी. रोपाचा शेंडा कोयीपासून तीनेक बोटांवर छाटून मधोमध उभा छेद द्यावा, त्यात पाचर बसवावी आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळावे. सगळे रहस्य साल आणि काष्ठ यांच्या मधल्या हिरवट, ओलसर थरात आहे. झाडाची वाढ तोच थर करतो. दोघांचे ते थर एकमेकांस भिडले तर जोड धरतो. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मध्यभागी न ठेवता एका कडेला सरकवावी, म्हणजे निदान एका अंगाने तरी गाठ पडते. हातातला चाकू धारदार आणि स्वच्छ हवा. भाजीच्या सुरीने साल चेचते, आणि चेचलेली साल जुळत नाही. दोनतीन आठवड्यांत डोळा फुटतो. जोड पक्का झाल्यावर पट्टी काढावयास विसरू नये, अन्यथा ती खोडाला फास होते.

जून ते ऑगस्ट ही दमट हवा यासाठी आपल्या किनाऱ्याइतकी अनुकूल क्वचितच कोठे असेल. दहातली चार जगली तरी नवख्याने समाधान मानावे. चौथ्या-पाचव्या वर्षी फळ येते, कोयीच्या झाडाहून कितीतरी आधी. कारण काडी वयाने प्रौढ झाडाची असते आणि नव्या मुळावर बसली तरी ती आपले वय विसरत नाही.

कोकमाच्या बाबतीत तर कलमाचे महत्त्व आंब्याहून अधिक म्हटले पाहिजे. भिरंडांची झाडे नर आणि मादी वेगवेगळी. बियांपासून लावलेल्या रोपांतली सुमारे निम्मी नर निघतात, आणि ते समजते सहासात वर्षांनी फूल आल्यावर. तोवर खत, पाणी, जागा सगळे गेलेले. मादी झाडाची काडी बांधली की हा जुगार संपतो. मात्र येथे एक खुबी आहे. काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची घ्यावी लागते. आडव्या फांदीची घेतली तर ते झाड आयुष्यभर आडवेच पसरते, झुडपासारखे. आंबा याबाबत उदार आहे. कोकम आणि जायफळ नाहीत.

या उत्साहाला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिक ठरेल. सर्व परसांत एकाच झाडाचे तुकडे उभे राहिले तर एका झाडाला मारणारा रोग सर्वांना मारील. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या व्यापारावर राज्य करणारी ग्रो मिशेल केळी अशीच एकवंशी होती. पनामा रोगाने तिचे मळेच्या मळे उठविले. म्हणून आम्ही मानकुरादाचीच कलमे बांधा असे म्हणत नाही. मानकुराद म्हणून ओळखली जाणारी झाडेही एकसारखी नाहीत. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने त्यांतून ‘कार्दोज मानकुराद’ ही सरस निवड पुढे आणली, ती झाडाझाडांत फरक होता म्हणूनच. आणि सासवासाठी लागणारी घोटां, चेपणीची तोरे देणारे रायवळ यांना तर नावही नसते. ‘विहिरीकडचा’, ‘देवळामागचा’ एवढीच त्यांची ओळख. त्यांची काडी घ्यायची कुणाला सुचत नाही, आणि कोणत्याही खात्याच्या यादीत ते नाहीत.

शासनाकडे आमचे मागणे मोठे नाही. वृक्ष अधिकाऱ्याने तोडणीच्या अर्जावर झाडाची केवळ संख्या आणि घेर न लिहिता आंब्या-फणसाची स्थानिक ओळखही लिहून घ्यावी. घरच्या म्हाताऱ्या माणसांना ती ठाऊक असते. जुने कलमी झाड असेल तर कृषिखात्याच्या विभागीय कार्यालयास कळवून काड्या घेण्यास अवधी द्यावा. पाने उतरवून डोळा फुगेपर्यंत आठदहा दिवस लागतात, आणि अर्ज ऐन उन्हाळ्यात आला तर तोडणी पाऊस सुरू होईपर्यंत थांबवावी लागेल. बांधकाम करणारा दोन महिने थांबायला कुरकुर करील, हे आम्ही जाणतो. सरकारी फळरोपवाटिकांतून ज्या झाडांच्या काड्या वापरल्या जातात, त्या मातृवृक्षांचे गाव आणि जात कलमाच्या चिठ्ठीवर छापावी, एवढे तर एका पैशाचाही खर्च न वाढवता करता येईल.

ज्यांच्या परसात जुने झाड अजून उभे आहे, त्यांनी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. या आठवड्यात रुजलेले कोंब उकिरड्यात न टाकता पिशव्यांत लावावेत आणि लगोलग शिडी लावून चारसहा डहाळ्यांची पाने उतरवून ठेवावीत. पुढच्या पंधरवड्यात दोन्ही एकाच वेळी तयार होतील.