शाश्वत विकास निविदेत उतरतो तेव्हा

शहराच्या मध्यभागाचे पुनरुज्जीवन करायचे ठरले, की महापालिकेच्या आराखड्याच्या पहिल्याच पानावर 'शाश्वत विकास' हे शब्द हमखास येतात. भावी पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागविणारा विकास, अशी त्याची व्याख्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये केली. ब्रिटनमध्ये तर २००० सालच्या स्थानिक शासन कायद्याने शाश्वत विकासाला हातभार लावणारी कार्यनीती आखणे नगरसंस्थांना बंधनकारक केले होते. मात्र पहिल्या पानावरचे हे तत्त्व शेवटच्या पानावरील निविदेच्या अटींपर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न असतो. इंग्लंडमधील शेफील्ड शहराचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील महापालिकेच्या खात्यावर अनुकरणीय काम जमा आहे, तशीच एक गंभीर चूकही.

पोलादनगरीची पडझड

शेफील्डची ओळख सुऱ्या-कात्र्यांची आणि पोलादाची. १९७० व १९८० च्या दशकांत येथील कारखाने एकामागून एक बंद पडले. १९९० मध्ये शहराच्या मध्यभागापासून दूर, महामार्गालगतच्या जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर 'मेडोहॉल' हे भव्य खरेदी संकुल उभे राहिले. मोटारीने थेट तेथे जाता येत असल्याने ग्राहक तिकडे वळला आणि शहराच्या मध्यभागातील बाजारपेठेला उतरती कळा लागली. ती सावरण्यासाठी २००० मध्ये 'शेफील्ड वन' ही पुनरुज्जीवन कंपनी स्थापन झाली. इंग्लंडमधील अशा पहिल्या तीन कंपन्यांपैकी ती एक होती.

कचऱ्यातून ऊब

एक गोष्ट शेफील्डने त्याआधीच केली होती. १९८८ पासून शहरातील कचरा जाळून मिळणारी उष्णता भूमिगत नळांतील गरम पाण्याच्या रूपाने मध्यभागातील इमारतींना पुरविली जाऊ लागली. कालांतराने अशा इमारतींची संख्या १४० च्या वर गेली. त्यामुळे पुनरुज्जीवनात उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींना स्वतंत्र बॉयलरऐवजी या जाळ्याशी जोडून घेण्याचा पर्याय उपलब्ध झाला. २००३ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते औपचारिक उद्घाटन झालेले 'विंटर गार्डन' हे सुमारे ७० मीटर लांबीचे काचगृह लार्च वृक्षाच्या लाकडी कमानींवर उभे आहे. हे लाकूड टिकविण्यासाठी रासायनिक लेपाची गरज भासत नाही.

अर्थात, ही व्यवस्था निर्दोष नाही. कचऱ्यातील प्लास्टिक जाळल्यावर कार्बन वायू हवेत जातोच. शिवाय भट्टीला सतत कचरा लागत असल्याने कचरा कमी करण्याच्या उद्दिष्टाशी तिचा मेळ घालावा लागतो.

डांबराच्या जागी बाग

२५ जून २००७ रोजी झालेल्या अतिवृष्टीत डॉन नदीला पूर आला. शहरात दोघांचा बळी गेला आणि मेडोहॉलमध्येही पाणी शिरले. शहराचे डांबरीकरण आणि पूर यांचा संबंध उघड आहे. रस्त्यावर पडलेले पाणी जमिनीत मुरत नाही, ते एकदम गटारात उतरते आणि गटारे तुंबून वाहू लागतात.

सुमारे त्याच काळात नवा वळणरस्ता पूर्ण झाल्याने मध्यभागाच्या उत्तरेकडील जुन्या चौपदरी रस्त्याची गरज कमी झाली होती. त्यातील मोकळ्या झालेल्या मार्गिका उखडून तेथे पर्जन्यबागा तयार करण्याचा निर्णय महापालिकेने घेतला. 'ग्रे टू ग्रीन' या प्रकल्पाचा पहिला टप्पा २०१६ मध्ये पूर्ण झाला. पुढील टप्प्यात तो कॅसलगेट भागापर्यंत नेण्यात आला. येथील वाफे रस्त्याच्या पातळीपेक्षा खोल आहेत. रस्त्यावरचे पाणी त्यांत उतरते, सच्छिद्र मातीतून गाळले जाते आणि उरलेले सावकाश नदीकडे जाते. उतारावर पाणी धावू नये म्हणून मध्ये छोटे बांध घातले आहेत. लागवडीची आखणी शेफील्ड विद्यापीठातील प्राध्यापक नायजेल डनेट यांनी केली. कधी कोरडी, कधी ओलसर माती सोसणारी बहुवर्षायू फुलझाडे व गवते त्यासाठी निवडली गेली. पूरनियंत्रण, स्वच्छता, जैवविविधता आणि पादचाऱ्यांची सोय या गोष्टी एरवी चार खात्यांत विभागलेल्या असतात. येथे त्या एकाच कामात साधल्या गेल्या.

पाडण्याऐवजी राखणे

मध्यभागात नवी बाजारपेठ उभारण्याची 'सेव्हनस्टोन' ही योजना आर्थिक मंदीत रखडली आणि २०१३ मध्ये महापालिकेने विकासकाशी असलेला करार संपुष्टात आणला. त्यानंतर महापालिकेने 'हार्ट ऑफ द सिटी' या नावाने स्वतःच पुढाकार घेतला. एकच अवाढव्य संकुल उभारण्याऐवजी जुन्या गल्ल्यांची रचना कायम ठेवून, एकेका भूखंडाचे काम टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले. जुनी इमारत वापरात आणली, की नव्या विटा, सिमेंट आणि पोलाद बनविताना होणारे उत्सर्जन बऱ्याच अंशी टळते. सुरीकारांच्या लहान कार्यशाळांसाठी प्रसिद्ध असलेला, मोडकळीस आलेला 'लीज यार्ड' हा वाडा २०२४ मध्ये दुरुस्त होऊन छोट्या व्यावसायिकांसाठी पुन्हा खुला झाला.

झाडांचे प्रकरण

ही सर्व कामे चालू असतानाच दुसऱ्या एका कराराने महापालिकेची अब्रू घालविली. २०१२ मध्ये शहरभरातील रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी २५ वर्षांचा, सुमारे २२० कोटी पौंडांचा करार खासगी कंपनीशी झाला. रस्त्याकडेची जुनी झाडे तोडून रोपे लावण्याचे काम त्यातच समाविष्ट होते. मुळांनी पदपथ उचलला जातो, या कारणास्तव निरोगी झाडांवरही कुऱ्हाड चालली. नोव्हेंबर २०१६ मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटेपूर्वीच्या अंधारात, पोलीस बंदोबस्तात झाडे तोडण्यात आली आणि विरोध करणाऱ्या वृद्ध महिलांना अटक झाली. करारात तब्बल १७,५०० झाडे बदलण्याची तरतूद असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी तोड थांबली, तोवर साडेपाच हजारांच्या आसपास झाडे गेली होती. सर मार्क लोकॉक यांच्या चौकशी अहवालाने २०२३ मध्ये महापालिकेवर कठोर ताशेरे ओढले. तिने नागरिकांची आणि न्यायालयाचीही दिशाभूल केली, असे त्यात नमूद आहे. महापालिकेने जाहीर माफी मागितली.

दरम्यान, मे २०२१ मधील सार्वमतात सुमारे ६५ टक्के मतदारांनी मोजक्या पदाधिकाऱ्यांच्या हाती निर्णय एकवटणारी पद्धत नाकारून समिती पद्धतीला कौल दिला. या कौलामागे झाडांच्या प्रकरणाचा संताप हे एक प्रमुख कारण होते.

धोरण तेच, फरक कराराचा

पर्जन्यबागा फुलविणारी आणि झाडे तोडणारी महापालिका एकच होती. दोन्ही वेळी तिच्या धोरणपत्रात पर्यावरणाचा गौरवच होता. फरक पडला तो कामाच्या तपशिलात. पर्जन्यबागांच्या आराखड्यात पाणी, माती आणि देखभाल यांचा विचार आरंभापासून होता. रस्त्यांच्या करारात पदपथाच्या सपाटपणाला मोल होते, वाढलेल्या झाडाच्या सावलीला नव्हते. एकदा सही झाल्यावर पाव शतक बांधून ठेवणाऱ्या करारात तत्त्व मागाहून घुसविता येत नाही, आणि नागरिकांना अंधारात ठेवून तर मुळीच नाही. आराखड्याची प्रस्तावना वाचणाऱ्या नागरिकांनी आणि नगरसेवकांनी निविदेचे परिशिष्टही वाचावे, एवढे शिकण्यासाठी शेफील्डला हजारो झाडे गमवावी लागली.